बँकेचा साहेब बदलला की नेमकं काय बदलतं?

१७ मे २०११. भारतीय स्टेट बँकेने जानेवारी ते मार्च या तिमाहीचे आकडे जाहीर केले आणि शेअर बाजारात खळबळ उडाली. आदल्या वर्षी याच तिमाहीत बँकेला १,८६७ कोटी रुपयांचा नफा झाला होता. या वेळी तो जेमतेम २१ कोटी होता. जवळपास ९९ टक्क्यांची घट. देशातली सगळ्यात मोठी बँक, तेच ग्राहक, त्याच शाखा, तीच कर्जं. कुठे दरोडा पडला नव्हता, की एखादा मोठा घोटाळाही उघडकीस आला नव्हता.

बदलली होती ती अध्यक्षांच्या केबिनबाहेरची पाटी. ओ. पी. भट्ट ३१ मार्चला निवृत्त झाले होते आणि एप्रिलमध्ये प्रतीप चौधरी त्यांच्या जागी आले होते. चौधरींनी थकलेली कर्जं, कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा बोजा आणि आधीच्या काळातली एक गाजलेली गृहकर्ज योजना, या सगळ्यांसाठी एकदम मोठी तरतूद केली. तरतूद म्हणजे 'हे पैसे कदाचित हातातून जातील' असं धरून नफ्यातून आधीच बाजूला काढून ठेवलेली रक्कम. तरतूद वाढली की नफा तेवढा खाली येतो.

बँकांच्या बातम्या वाचताना आपण सहसा आकडे पाहतो. नफा, ठेवी, एनपीए, शेअरचा भाव. पण त्या आकड्यांमागे वरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे निर्णय असतात, आणि बँकेच्या धंद्यात त्या निर्णयांचा परिणाम दिसायला फार वेळ लागतो. तो दिसतो तेव्हा निर्णय घेणारा बहुतेकदा घरी गेलेला असतो.

बँकेचं धोरण इतर धंद्यांपेक्षा वेगळं का?

साबण विकणाऱ्या कंपनीचा नवा साबण लोकांना आवडला नाही, तर ते सहा महिन्यांत कळतं. माल पडून राहतो, दुकानदार तो परत पाठवतो. बँकेत नेमकं उलटं होतं. कर्ज हा असा माल आहे की तो विकताना बँकच गिऱ्हाइकाला पैसे देते. कर्ज मंजूर झालं की प्रक्रिया शुल्क लगेच मिळतं, व्याज सुरू होतं, कर्जवाटपाचा आकडा फुगतो, साहेबांचं कौतुक होतं. ते कर्ज चांगलं होतं की वाईट, हे कळायला तीन, पाच, कधी सात वर्षं जातात. महामार्गासाठी किंवा वीज प्रकल्पासाठी दिलेलं कर्ज असेल तर आणखी जास्त.

म्हणून बँकेत 'वाढ' हे धोरण राबवायला सगळ्यात सोपं. त्यासाठी फार अक्कल लागत नाही, फक्त 'हो' म्हणावं लागतं. अवघड असतं ते वाढीचा वेग आणि कर्जाची गुणवत्ता एका हाताने सांभाळणं.

दुसरी गोष्ट अशी की, कागदावर बहुतेक व्यापारी बँकांची धोरणं सारखीच असतात. कोणत्याही बँकेचा वार्षिक अहवाल उघडा. कासा वाढवायचा, म्हणजे चालू आणि बचत खात्यांतल्या स्वस्त ठेवी जमवायच्या. किरकोळ कर्जं वाढवायची. वसुली करायची. डिजिटल व्हायचं. ग्राहक केंद्रस्थानी ठेवायचा. बँकेचं नाव झाकलं तर हे कोणत्या बँकेचं धोरण आहे ते सांगता येणार नाही. मग एक बँक बुडते आणि दुसरी तरते, यातला फरक या कागदात शोधून सापडत नाही. तो सापडतो कागद खाली शाखेपर्यंत कसा पोचतो यात.

मुंबईतला निर्णय शाखेच्या काउंटरपर्यंत कसा पोचतो?

मोठ्या बँकेची रचना साधारण अशी असते: वर मुख्यालय, मग अंचल कार्यालयं, त्याखाली क्षेत्रीय कार्यालयं आणि शेवटी शाखा. संचालक मंडळ धोरणाला मंजुरी देतं. व्यवस्थापकीय संचालक म्हणजे एमडी ते राबवतो. मुख्यालयातून निघालेलं 'ग्राहकांशी दीर्घकालीन नातं जोडा' हे वाक्य एकेक पायरी उतरत शाखेत पोचतं तेव्हा ते 'या महिन्यात चाळीस खाती उघडा' असं झालेलं असतं. हे भाषांतर कसं होतं, यावर सगळं अवलंबून असतं.

भट्ट यांच्याच काळाचं उदाहरण घेऊ, कारण त्यांची गोष्ट २१ कोटींच्या तिमाहीवर संपवणं त्यांच्यावर अन्याय करणारं ठरेल. २००६ च्या मध्यात ते अध्यक्ष झाले तेव्हा स्टेट बँकेची अवस्था मोठ्या वाड्यातल्या थोरल्या काकांसारखी होती. मान सगळे देत, पण कामाला दुसरीकडे जात. नव्या खासगी बँका शहरांतला तरुण, पगारदार ग्राहक पळवत होत्या. बाजारातला हिस्सा वर्षानुवर्षं घटत होता. बँकेत दोन लाखांच्या आसपास कर्मचारी आणि नऊ हजारांवर शाखा होत्या. यातल्या बहुतेकांना आपली बँक मागे पडते आहे याची जाणीवच नव्हती. सरकारी बँक, ती कुठे जातेय?

भट्ट यांनी आधी वरिष्ठ अधिकाऱ्यांना लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीत काही दिवस एकत्र बसवलं आणि बँकेच्या अवस्थेवर मोकळेपणाने बोलायला लावलं. सरकारी बँकेत हे सोपं नसतं. तिथे साहेबांसमोर 'आपलं चुकतंय' म्हणणारा अधिकारी पुढच्या बदलीच्या यादीत नाव शोधतो. त्यानंतर २००७ मध्ये 'परिवर्तन' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. कारकुनापासून अधिकाऱ्यापर्यंत लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांना तुकड्या-तुकड्यांनी बोलावून बँक कुठे होती, कुठे आली आहे, प्रतिस्पर्धी काय करत आहेत आणि आपल्या टेबलाशी याचा काय संबंध आहे, हे सांगण्यात आलं.

यात नवीन कर्ज योजना नव्हती, नवं तंत्रज्ञान नव्हतं. संगणकीकरण आणि कामकाजाच्या फेररचनेची सुरुवात आधीच्या अध्यक्षांच्या काळातच झाली होती. भट्ट यांनी जे केलं ते म्हणजे, वर ठरलेली गोष्ट खालच्या माणसाला त्याच्या भाषेत सांगितली. ऐकायला किरकोळ वाटेल. पण पासबुक छापून देणाऱ्या माणसाला आपण हे का करतोय ते माहीत असणं आणि नसणं, यातला फरक बँकेच्या रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाने अनुभवला आहे.

याच नेत्याने फेब्रुवारी २००९ मध्ये, जागतिक मंदीत सगळ्या बँका हात आखडता घेत असताना, पहिल्या वर्षी ८ टक्के व्याजाचं गृहकर्ज बाजारात आणलं. ग्राहकांची झुंबड उडाली. इतर बँका चिडल्या आणि मग त्यांनीही तशाच योजना काढल्या. सुरुवातीला कमी आणि नंतर वाढणारं व्याज असलेल्या या कर्जांना 'टीझर' म्हटलं गेलं. स्टेट बँक ते नाव मानायला तयार नव्हती. रिझर्व्ह बँकेला मात्र धोका दिसत होता. व्याजदर वाढल्यावर हप्ता झेपला नाही तर? २०१० च्या अखेरीस तिने अशा कर्जांवरची तरतूद ०.४ टक्क्यांवरून थेट २ टक्क्यांवर नेली. त्याचं बिल चौधरींच्या टेबलावर आलं. त्यांनी ते भरलं आणि योजनाही बंद केली. वाद कर्जं बुडण्याचा नव्हता, सावधगिरी किती बाळगायची याचा होता. म्हणजे एकाच बँकेत, एकाच योजनेबद्दल, दोन अध्यक्षांची दोन मतं. दोन्ही मतांना आपापला तर्क होता. भागधारकांना मात्र धक्का एकाच दिवशी बसला.

साहेब काय मोजतो?

शाखेतल्या माणसाला धोरण कळतं ते टार्गेटमधून. त्याला परिपत्रक वाचायला वेळ नसतो, पण सोमवारच्या बैठकीत कोणता आकडा विचारला जाणार हे त्याला पक्कं माहीत असतं. बँकेचा खरा अजेंडा तोच.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोची वेल्स फार्गो ही २००८ च्या आर्थिक संकटातून तुलनेने सहीसलामत बाहेर पडलेली बँक. तिचं धोरण एका ओळीचं होतं: नवा ग्राहक शोधण्यापेक्षा आहे त्याच ग्राहकाला आणखी गोष्टी विका. बचत खातं आहे? मग क्रेडिट कार्ड द्या, मग विमा, मग गृहकर्ज. धोरण म्हणून यात काहीच वावगं नाही. जगातली प्रत्येक बँक हेच करते. पण बँकेच्या नेतृत्वाने त्याला आकडा चिकटवला. एका ग्राहकामागे आठ उत्पादनं. आठच का? कारण इंग्रजीत 'एट' आणि 'ग्रेट' यांचं यमक जुळतं. बँकेचे प्रमुख जॉन स्टम्फ हे घोषवाक्य मिरवत असत.

एका माणसाला बँकेच्या आठ गोष्टी लागतात का, हा प्रश्न विचारायची सोय शाखेत नव्हती. रोजचा हिशोब, रोजची विचारणा, नोकरी जाण्याची भीती. मग कर्मचाऱ्यांनी सोपा मार्ग शोधला. ग्राहकांना न सांगताच त्यांच्या नावावर खाती उघडली, कार्डं काढली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला तेव्हा बाहेर आलं की पाच वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना या कारणासाठी काढून टाकलं गेलं होतं. संशयित खात्यांची संख्या आधी वीस लाखांच्या घरात सांगितली गेली, पुढे ती पस्तीस लाखांवर गेली.

५,३०० हा आकडा नीट पाहायला हवा. एखाद्-दुसरा माणूस खोटी सही करतो तेव्हा तो चोर असतो. पाच हजार माणसं वेगवेगळ्या राज्यांत एकाच पद्धतीने तेच करतात, तेव्हा त्यांना तसं करायला लावणारी यंत्रणा वर कुठेतरी असते. सुरुवातीला बँकेचं नेतृत्व दोष खालच्या कर्मचाऱ्यांना देत राहिलं. अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत स्टम्फ यांची चांगलीच शोभा झाली आणि ऑक्टोबरमध्ये ते पायउतार झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने वेल्स फार्गोच्या मालमत्तेच्या वाढीवरच मर्यादा घातली. ती उठायला जून २०२५ उजाडला.

आपल्याकडे याचं सौम्य रूप जवळपास सगळ्यांनी पाहिलं असेल. मुदत ठेव करायला गेलेल्या आजोबांच्या हातात विम्याची पॉलिसी येते. लॉकर हवा असेल तर 'एक छोटीशी गुंतवणूक' करायची विनंती होते. गृहकर्जासोबत विमा जणू सक्तीचाच असतो. यात समोरच्या अधिकाऱ्यावर चिडणं स्वाभाविक आहे, पण त्याच्या टेबलाखाली डोकावलं तर महिनाअखेरीचा तक्ता दिसेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही अशा चुकीच्या पद्धतीने विमा विकण्यावर जाहीरपणे बोट ठेवलं होतं. तरी हे थांबत नाही, कारण विम्याचं कमिशन आज मिळतं आणि ग्राहकाचा उडालेला विश्वास कोणत्याच तक्त्यात मोजला जात नाही.

'नाही' म्हणणारे आणि न म्हणणारे

२००३ ते २०१२ या काळात देशात पायाभूत प्रकल्पांची लाट आली होती. वीज, रस्ते, पोलाद. सरकारलाही हे प्रकल्प हवे होते. बँका हजारो कोटींची कर्जं देत होत्या आणि ती न देणारी बँक मागासलेली ठरत होती.

एचडीएफसी बँकेचे आदित्य पुरी या गर्दीपासून बरेचसे लांब राहिले. १९९४ मध्ये सिटीबँकेतली मलेशियातली नोकरी सोडून ते या नव्या बँकेत आले होते. वाहनकर्ज, वैयक्तिक कर्ज, कंपन्यांना रोजच्या धंद्यासाठी लागणारं खेळतं भांडवल, स्वस्त ठेवी, हा त्यांचा ठरलेला मार्ग. कंटाळवाणा म्हणावा इतका ठरलेला. संध्याकाळी साडेपाचला ऑफिसातून निघणारे आणि मोबाइल न बाळगणारे बँकर म्हणून त्यांचे किस्से प्रसिद्ध आहेत, पण त्यांची खरी ओळख दिलेल्या कर्जांइतकीच न दिलेल्या कर्जांतही आहे. मार्च २०१८ मध्ये देशातल्या बँकांचं एकूण थकीत कर्ज ११ टक्क्यांच्या वर गेलं होतं, तेव्हा एचडीएफसी बँकेचं ते १.३० टक्के होतं.

आयसीआयसीआय बँकेत वेगळंच नाट्य घडलं. के. व्ही. कामत यांच्या काळात बँक झपाट्याने वाढली होती. २००९ मध्ये चंदा कोचर आल्या आणि त्यांनी पहिल्याच वर्षी ब्रेक लावला. मार्च २००९ मध्ये सुमारे २.१८ लाख कोटी असलेलं कर्जवाटप वर्षभरात १.८१ लाख कोटींवर आलं. एखाद्या नव्या प्रमुखाने येताक्षणी धंदा लहान करणं, तेही भागधारकांची नाराजी ओढवून, हे फार क्वचित दिसतं. गंमत अशी की त्याच नेतृत्वाच्या काळात पुढे मोठ्या उद्योगांना दिलेली कर्जं थकली आणि मार्च २०१८ मध्ये थकीत कर्जांचं प्रमाण ८.८४ टक्क्यांवर गेलं. एकदा 'नाही' म्हणता आलं म्हणजे प्रत्येक वेळी म्हणता येतं असं नाही.

आणि मग येस बँक. २००४ मध्ये राणा कपूर आणि अशोक कपूर यांनी ती सुरू केली. अशोक कपूर २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यात मारले गेले. नंतरच्या काळात बँक म्हणजे राणा कपूर असं समीकरण झालं. मार्च २०१४ मध्ये सुमारे ५५ हजार कोटी असलेली कर्जं मार्च २०१८ मध्ये दोन लाख कोटींच्या पुढे गेली. चार वर्षांत साडेतीन पटींहून जास्त. इतर बँका ज्या उद्योगसमूहांना दारात उभं करत नव्हत्या, त्यांतल्या काहींना इथे कर्ज मिळत होतं, चढ्या व्याजाने आणि भरघोस शुल्कासह.

धोक्याची घंटा आधीच वाजली होती. २०१५-१६ या वर्षासाठी बँकेने आपलं ढोबळ थकीत कर्ज सुमारे ७४९ कोटी दाखवलं. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ते ४,९२६ कोटी निघालं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, फरक ६,३५५ कोटींचा. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने कपूर यांना जानेवारी २०१९ पर्यंतच मुदत दिली. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी खातेदारांना ५० हजारांहून जास्त रक्कम काढायला मनाई झाली. एटीएमबाहेर रात्रीच रांगा लागल्या. पगार, शाळेची फी, दवाखान्याचं बिल, सगळं अडकलं. १८ मार्चला निर्बंध उठले, ते स्टेट बँकेच्या पुढाकाराने इतर बँकांनी भांडवल ओतल्यावर. ठेवीदारांचे पैसे वाचले. पण बँकेच्या विशिष्ट प्रकारच्या रोख्यांमध्ये गुंतवलेले ८,४१५ कोटी रुपये शून्य करण्यात आले, आणि त्यात अनेक सामान्य गुंतवणूकदार होते.

चार वर्षं संचालक मंडळ काय करत होतं, हा प्रश्न इथे सुटत नाही. 'नाही' म्हणणारा माणूस फक्त वरच्या खुर्चीतच असून भागत नाही. त्या खुर्चीला 'नाही' म्हणणाराही कुणी लागतो.

पुण्यातली बँक: खड्ड्यातून वर

सरकारी बँकेत नेतृत्वाला वाव किती, असं विचारलं तर उत्तरासाठी पुण्याला जावं लागेल. बँक ऑफ महाराष्ट्र १९३५ मध्ये पुण्यात स्थापन झाली, १९६९ मध्ये राष्ट्रीयीकृत झाली. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत पहिलं पासबुक याच बँकेचं. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर त्वरित सुधारणा कृतीचे निर्बंध घातले. सोप्या भाषेत, आजारी बँकेला दिलेलं पथ्य. मार्च २०१८ मध्ये दर शंभर रुपयांच्या कर्जातले साडेएकोणीस रुपये थकलेले होते.

त्यातच जून २०१८ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाच्या कर्जप्रकरणात पुणे पोलिसांनी बँकेच्या तत्कालीन प्रमुखांना आणि इतर वरिष्ठ अधिकाऱ्यांना अटक केली. काही महिन्यांत पोलिसांनीच त्यांना क्लीन चिट दिली. पण दरम्यान जे व्हायचं ते झालं. सरकारी बँकांत सीबीआय, दक्षता आयोग आणि कॅग या तिघांची भीती तशीही असते. मंजूर केलेलं कर्ज बुडालं तर चौकशी, नामंजूर केलं तर काहीच नाही. अशा वेळी शहाणा अधिकारी फाइल पुढे सरकवतो, सही करत नाही. धोरण कितीही चांगलं असलं तरी सही करणारा हात थांबला की बँक थांबते.

डिसेंबर २०१८ मध्ये ए. एस. राजीव एमडी म्हणून आले. त्याच ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीत बँकेने ३,७६४ कोटींचा तोटा दाखवला. वर्षाचा तोटा ४,७८४ कोटींवर गेला. म्हणजे आल्या आल्या घाण गालिच्याखाली न सारता ती बाहेर काढली गेली, थकीत कर्जांसाठी भरघोस तरतूद झाली. हे शक्य झालं कारण त्याच सुमारास केंद्र सरकारने सुमारे साडेचार हजार कोटींचं भांडवल दिलं. जानेवारी २०१९ च्या अखेरीस निर्बंध उठले.

पुढचे आकडे बोलके आहेत. थकीत कर्जांचं प्रमाण मार्च २०२१ मध्ये ७.२३ टक्के, २०२२ मध्ये ३.९४ टक्के, २०२४ मध्ये १.८८ टक्के. नफा २०१९-२० मध्ये ३८९ कोटी होता, तो २०२३-२४ मध्ये ४,०५५ कोटी झाला. ठेवींत चालू आणि बचत खात्यांचा वाटा ५० टक्क्यांच्या पुढे राहिला. कर्जवाढीच्या टक्केवारीत ही बँक या काळात अनेकदा सरकारी बँकांत पहिली असायची.

हे सगळं एका माणसाचं कर्तृत्व म्हणणं भाबडेपणाचं होईल. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्याच बँकांच्या कर्जांची झाडाझडती घेतली होती. २०१६ मध्ये दिवाळखोरीचा नवा कायदा आला होता. सरकारी भांडवल होतं. करोनानंतर देशभरातल्या बँका सुधारल्या. पण याच सवलती बाकीच्या सरकारी बँकांनाही मिळाल्या होत्या आणि सगळ्यांची चाल सारखी नव्हती. राजीव यांना मिळालेली आणखी एक गोष्ट सरकारी बँकेत दुर्मीळ असते, ती म्हणजे वेळ. ते पाच वर्षांहून जास्त काळ त्या पदावर होते. त्यांच्यानंतर निधू सक्सेना आले, आणि २०२४-२५ मध्ये नफा ५,५२० कोटींवर गेला. माणूस बदलल्यावर गाडी रुळावर राहिली, हे आधीच्या कामाचं चांगलं प्रमाणपत्र आहे.

खुर्ची किती वर्षांची असावी?

सरकारी बँकेचा अधिकारी सहसा साठीच्या उंबरठ्यावर एमडी होतो. निवृत्तीचं वय साठ. हातात दोन, फार तर तीन वर्षं. पहिलं वर्ष बँक समजून घेण्यात जातं, शेवटचं वर्ष निरोप समारंभात. मधल्या वर्षात दिलेलं कर्ज चांगलं होतं की वाईट हे पाहायला तो तिथे नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने या पदांची कमाल मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवली, पण निवृत्तीचं वय तेच ठेवलं. म्हणजे चाळिशी-पन्नाशीतल्या अधिकाऱ्याला नेमलं तरच त्या दहा वर्षांना अर्थ.

खासगी बँकांत दुखणं उलटं होतं. तिथे एकच माणूस वर्षानुवर्षं बसायचा. पुरी २६ वर्षं होते. त्यांच्या शिस्तीचं कौतुक करताना हेही सांगायला हवं की, शशिधर जगदीशन यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये सूत्रं हाती घेतली आणि सव्वा महिन्यातच रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेला नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली. कारण होतं दोन वर्षांत वारंवार बंद पडलेली डिजिटल यंत्रणा. कर्जं देताना इतकी काळजी घेणाऱ्या बँकेचं संगणकांकडे दुर्लक्ष झालं होतं, आणि त्याचाही हिशोब नव्या माणसाला द्यावा लागला. निर्बंध पूर्णपणे उठायला मार्च २०२२ उजाडला.

एप्रिल २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने खासगी बँकांच्या प्रमुखांसाठी कमाल १५ वर्षांची मर्यादा घातली. प्रमुख जर बँकेचा प्रवर्तक किंवा मोठा भागधारक असेल तर साधारण १२ वर्षं. पगाराचे नियम त्याआधीच, २०१९ मध्ये बदलले होते. खासगी आणि विदेशी बँकांच्या प्रमुखांच्या मोबदल्यातला किमान अर्धा भाग कामगिरीवर अवलंबून असला पाहिजे. त्यातला किमान ६० टक्के हिस्सा लगेच न देता तीन किंवा जास्त वर्षांत विभागून द्यायचा. दरम्यान त्या काळातली कर्जं खराब निघाली, किंवा थकीत कर्ज लपवल्याचं रिझर्व्ह बँकेला आढळलं, तर न दिलेला बोनस रोखता येतो आणि दिलेला परत मागता येतो. आज दिलेल्या कर्जाचा निकाल पाच वर्षांनी लागतो, तर बोनस तरी आजच का द्यायचा, असा यामागचा सरळ विचार.

सरकारी बँकांना हा नियम लागू नाही, आणि लागू केला तरी रोखायला फारसं काही हाती लागणार नाही. २०२२-२३ मध्ये स्टेट बँकेने ५० हजार कोटींहून जास्त नफा कमावला. त्या वर्षी तिच्या अध्यक्षांचा पगार होता सुमारे ३७ लाख रुपये.